त्या पोरीले कोण सांगन?

टीव्हीवर मी दोनदा समलिंगी माणूस झालो. पहिल्यांदा तो नायकाचा विनोदी मित्र होता. दिग्दर्शक सांगतील तसे हात हलवले, मान वेळावली, लोक हसले. दुसऱ्यांदा मुख्य भूमिका मिळाली, घरच्यांपासून मन लपवणाऱ्या एका साध्या बँक कर्मचाऱ्याची. या वेळी चेष्टा होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. आवाज, चाल, नजर, सगळ्यावर मेहनत घेतली. अनोळखी मुलांचे मेसेज येत, 'तुम्ही आमचं दाखवलंत.' मी खुशीत होतो.

मालिकेची गोष्ट घरच्यांनी ठरवलेल्या त्याच्या लग्नापर्यंत आली आणि मला थोडी सुट्टी मिळाली. अकोल्याला आईला भेटून मी अंजनगावला मावशीकडे गेलो. मावसाजी जाऊन वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नाही, त्यामुळे मावशी आता एकटीच असते. संध्याकाळी आम्ही दोघं मालिका बघत बसलो. साखरपुड्याचा भाग होता. मावशीनं मध्येच टीव्ही बंद केला.

"त्या पोरीले कोण सांगन?"

"कोणत्या पोरीले?"

"जिचं तुह्यासंग लगन लावून राहिले, तिले."

मी हसलो. "तिले नंतर समजते मावशी. मोठा सीन आहे तो."

"मलेबी नंतरच समजलं होतं."

मला काही उमगेना. ती भिंतीवरच्या मावसाजींच्या फोटोकडे बघत होती.

"हे असेच होते. माणूस लय चांगला. कदी हात उचलला नाई, अन् कदी हात लावलाबी नाई. लोकाईनं मले वांझ म्हटलं. सासूनं अमरावतीच्या डॉक्टरले दाखवलं. हे संग येत अन् बाहेर बाकावर बसून राहत."

मला पहिलं नाटक दाखवायला अमरावतीला घेऊन गेले होते ते मावसाजी! दर दिवाळीला अकोटहून त्यांचा एक मित्र यायचा, आम्हा पोरांना फटाके आणायचा. त्याचं नाव मी काढलं, तर मावशीनं मानेनंच होकार दिला.

"मयतीच्या दिवशी तो रस्त्यावरच उभा होता. म्याच आत बोलावलं. माह्यापेक्षा तोच जास्त रडला."

"तुले राग नाई आला कदी?"

"आला ना! अजूनबी येते. बापाच्या धाकानं उभे राह्यले ते मांडवात, मले समजते. पण मले कोनी इचारलं?"

दुसऱ्या दिवशी अकोल्यात पोचलो. आई मेथी निवडत होती. मी चप्पलही न काढता विचारलं, "मावशीचं तुले मालूम होतं?"

"हो." तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"मंग लोक तिले वांझ म्हणत, तवा तू काहून नाई बोलली?"

"बोलली असती, तं तुह्या मावसाजीले गावानं जगू देल्लं असतं काय?"

मी चप्पल काढली आणि तिच्यासमोर मेथी निवडायला बसलो.

शूटिंगसाठी मुंबईत परतल्यावर दिग्दर्शकांना म्हटलं, माझ्या पात्राला लग्नाआधी मुलीला खरं सांगू द्या. ते म्हणाले, "मग लग्न कसं होईल? चॅनलला लग्नाचा आठवडा हवाय." लग्न झालं. अंतरपाट दूर झाला आणि समोरच्या नवरीकडे मला बघवेना. मान आपोआप खाली गेली. "काय सुंदर लाजलास!" दिग्दर्शक ओरडले. सेटवर टाळ्या पडल्या. इतकं सुन्न मला कधीच वाटलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत नवरी झालेल्या अभिनेत्रीला मी मावशीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न घेता. तिनं ताट बाजूला सारलं. "या सगळ्या भानगडीत मला काय वाटतं, यावर मला अजून एक वाक्य नाही. तुझ्या लक्षात आलं होतं?"

आलं नव्हतं. त्याच्या मनाचा कोपरान् कोपरा मी धुंडाळला होता, पण तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं लेखकाकडे गेलो. बऱ्याच वादावादीनंतर त्यानं एक प्रसंग लिहिला. त्यात नवरी त्याला विचारते, 'मला कोणी विचारलं?', संतापते, रडत नाही. मी फक्त ऐकतो. तो भाग लागला त्या संध्याकाळी मी मावशीला फोन केला.

"पाह्यलं?"

"पाह्यलं ना," मावशी म्हणाली. "गल्लीतल्या बाया ओट्यावर बसल्या होत्या. म्या दार उघडं टाकलं अन् आवाज मोठा केला."