ठणठणीत बाईच्या शोधात

ऐरोलीचा पूल लागला तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. खाली खाडी, कडेला खारफुटी, समोर मुलुंडचे टॉवर. शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "आली हो मुंबई." मी आधी पायाखालची पिशवी चाचपली. काजूगराचे दोन डबे, आमसुलं, बदलायची साडी. सगळं जागेवर होतं.

मी फिरायला आले नव्हते. आमच्या वाडीत चौदा बायकांचा काजू फोडायचा गट आहे. गटाची अध्यक्ष अक्का. तिला पंधरा दिवसांपूर्वी मुंबईहून रुपालीचा फोन आला. रुपाली ही आमच्या सुलभावहिनीची मुलगी. वहिनीचा नवरा वारला त्यानंतर मायलेकी मुंबईतच राहिल्या, वाडीतलं घर बंद पडलं. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही कुणी वहिनीला पाहिलेलं नव्हतं. तिला स्तनाचा कॅन्सर झालाय, केमोचे डोस झालेत, आता ऑपरेशन आहे आणि हॉस्पिटलात भरायची रक्कम कमी पडतेय, असं रुपालीने सांगितलं. कागदांचे फोटोही पाठवले. शेवटी म्हणाली, "अक्का, हे गटाबाहेर कुणाला सांगू नका. गावात तर नकोच."

मला तेच खटकलं. मदत मागणारा माणूस चार जणांना सांगा म्हणतो. ही म्हणते, सांगू नका. कागदांचं म्हणाल तर झेरॉक्सच्या दुकानातही कागद बनतात. आमच्या गटाने एकदा एका मुलाच्या अपघातासाठी पैसे पाठवले होते आणि तो मुलगा पुढे गणपतीत सगळ्यांच्या पुढे नाचत होता. तेव्हापासून नियम झाला: आधी पाहून यायचं. आणि पाहून यायला जायचं मी. समोर कुणी रडलं तरी माझा हात पिशवीकडे जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

(माणसांची नावं इथे बदलली आहेत आणि वाडीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कुणी चौकशी करू नये.)

मुलुंडला माझी मावसबहीण नंदा राहते. तिच्याकडे आंघोळ, पोहे आणि चहा झाला. कशाला आलीस, असं तिने विचारलं तेव्हा मी नुसतं "सुलभावहिनीला भेटायला" म्हटलं. तिने लगेच मोबाइल पुढे केला.

"अगं, गेल्याच आठवड्यात दिसली होती मला! इथल्याच हॉलमध्ये, लग्नात. हा बघ फोटो."

फोटोत वहिनी होती. हिरवी पैठणी, केसांचा जाडजूड अंबाडा, गळ्यात चपलाहार, हातात पाटल्या. हसत होती.

"काय गं, तब्येत चांगली दिसते," मी म्हटलं.

"तिला काय धाड भरलीय? पंगतीत बसून जेवली की."

मी फोटो माझ्या मोबाइलवर मागून घेतला. गटाची रक्कम अक्काने त्याच दिवशी चारच्या आत बँकेत जाऊन पाठवायची होती, कारण दुसऱ्या दिवशी वहिनीला हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं. म्हणजे माझ्याकडे दुपारपर्यंतचा वेळ होता. रुपालीला मी यायचं कळवलं नव्हतं. कळवून गेलं की लोक तयारी करून ठेवतात.

दिलेला पत्ता माहुलचा होता. घाटकोपरला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "माहुल? उधर कौन जाता है?" आणि वर वीस रुपये जास्त सांगितले. मी मीटर टाकायला लावला. चेंबूर मागे पडलं तसा नाकात एक वास शिरला, रॉकेलची बाटली उघडी राहिल्यासारखा. पुढे तेलाच्या कंपन्यांच्या टाक्या, नळ्या, चिमण्या, आणि त्यांना खेटून पीएपी बिल्डिंगी (प्रकल्पात घर गेलेल्यांना दिलेल्या इमारती). सगळ्या एकसारख्या, मध्ये दोन हातांचं अंतर. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

दाराला कुलूप. कुलपावर धूळ.

शेजारच्या दारातून एक पन्नाशीची बाई बाहेर आली. आत भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. तिने माझी साडी पाहिली, हातातला डबा पाहिला आणि दारातच उभी राहिली.

"कोण पायजे?"

"सुलभाबाई. इथे राहतात ना?"

"राहतात की. बाहेर गेल्यात. तुम्ही कोण?"

"ओळखीची आहे," मी म्हटलं. नाव-गाव सांगितलं असतं तर दहा मिनिटांत रुपालीला फोन गेला असता. "बाई कशा आहेत तब्येतीने?"

"एकदम ठणठणीत!" ती इतक्या झटकन म्हणाली की मी दचकले. "चार मजले चढतात रोज. आमी दमतो, त्या दमत नाय."

"काही दुखणं वगैरे?"

"कसलं दुखणं? साधी सर्दी नाय बघितली मी."

"आणि मुलगी?"

"सोनं आहे सोनं. कामावरनं घरी, घरनं कामावर. मान वर करून बघत नाय कुणाकडे."

हे मी विचारलंच नव्हतं. पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. तिने मला पाणी दिलं, तुटलेल्या चपलेसाठी सेफ्टी पिन दिली, आणि मी जिना उतरेपर्यंत वरून बघत राहिली.

घाटकोपरला परत आले. स्टेशनजवळ रुपाली चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, एवढं अक्काला ठाऊक होतं. आधी पोटाकडे पाहिलं. तिथल्या गल्लीत डोसा मागितला, तर डोसेवाल्याने वर चीजचा डोंगर किसून दिला. मी म्हटलं, "हे काढ." तो म्हणाला, "आंटी, सब यही खाते है." मी काढायला लावलं. खालचा डोसा चांगला निघाला.

दुकानात रुपाली नव्हती. "हाफ डे घेतलाय तिने," काउंटरवरची मुलगी म्हणाली. हिचं नाव प्रियांका, रुपालीची मैत्रीण. तिनेही माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पिन लावलेल्या चपलेपाशी जरा थांबली.

"तिच्या आईबद्दल विचारायचं होतं," मी म्हटलं.

"काकू ना? झकास आहेत! एकदम फिट."

"आजारी वगैरे होत्या असं ऐकलं."

"कोण बोललं? छे! काकी, आजार-बिजार काहीच नाही हां त्यांच्या घरात. उगाच लोक जळतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फॅमिली चांगली आहे. मामा आरे कॉलनीत सरकारी डेअरीत आहेत, परमनंट. क्वार्टर पण आहे."

दोन साक्षी झाल्या, तिसरा फोटो. मेट्रोच्या जिन्यापाशी उभी राहून मी अक्काला फोन लावला.

"अक्का, पैसे धाडू नको. बाई ठणठणीत आसा. लग्नात जेवता, सोना घालता."

"नक्की?"

"मी कधी कच्चा बोललंय?"

अक्का म्हणाली, बरं, संध्याकाळी बायकांना बोलावून ज्याचे त्याला परत करते.

खरं म्हणजे माझं काम तिथे संपलं होतं. पण मला रुपालीला तोंडावर विचारायचं होतं, आणि ती मामाकडे असेल असा अंदाज होता. मेट्रोने मरोळ गाठलं आणि तिथून रिक्षाने आरे. पाच मिनिटांत मुंबई बदलली. दोन्ही बाजूंना झाडं, रस्त्यावर सावली, बिबट्यापासून सांभाळा असं सांगणारी पाटी, तिच्याखाली निवांत बसलेली गाय. पुढे तबेले (म्हशींचे मोठे गोठे), शेणाचा आणि ओल्या पेंडीचा वास. माहुलनंतर तो मला अत्तरासारखा वाटला. डेअरीवाल्या मामाचं घर दोन ठिकाणी विचारलं, तिसऱ्या ठिकाणी सापडलं. बैठं कौलारू क्वार्टर, अंगणात अबोली.

मामा पायरीवरच बसले होते, जणू वाटच बघत होते.

"सुलभाबाई आहेत?"

"नाही. ती गावाला गेलीय."

"कुठल्या गावाला?"

"देवगडकडे. सासरच्या गावी. चार दिवस तिथेच आहे. हवा मानवते तिला."

"अहो, मी त्याच गावातून आजच आलेय," मी म्हटलं. "चौदा घरं आहेत वाडीत. त्यातल्या कुठल्या घरात ठेवलीय तिला आम्ही?"

मामा पायरीवरून उठले. इतक्यात आतून आवाज आला.

"कोण गो ता? माले, तू की काय?"

आत खाटेवर वहिनी बसली होती. मी आधी तिला ओळखलंच नाही. डोक्यावर सुती टोपी, तिच्या खाली एक केस नाही. भुवया नाहीत. फोटोतल्या बाईच्या अर्धी. शेजारी रुपाली उभी, हातात औषधांची पिशवी.

"बोरिवलीच्या नाहीत तुम्ही?" रुपालीने विचारलं.

"मी? बोरिवलीची कशाला असेन?"

तिने औषधांची पिशवी खाली ठेवली. मग सगळं बाहेर आलं. रुपालीचं लग्न बोरिवलीच्या एका मुलाशी जमत होतं. मुलाकडच्यांचे लोक माहुलला, दुकानात, कुठेही येऊन न सांगता चौकशी करून जात. आईला हा आजार आहे म्हटलं की उद्या मुलीलाही होईल, असं धरून चालतात लोक. म्हणून रुपालीने शेजारणीला, मैत्रिणीला, मामांना सांगून ठेवलं होतं की अनोळखी बाई डबा घेऊन आली आणि तब्येत विचारू लागली, तर काय सांगायचं. मी चांगली साडी नेसून, डबा घेऊन, नाव न सांगता नेमके तेच प्रश्न विचारत फिरले होते. शेजारणीने आणि प्रियांकाने फोन करून कळवलं होतं: काळजी करू नको, बोरिवलीवाली येऊन गेली, मस्त पटवलीय तिला.

"आणि ते लग्न? सोनं?"

"मुलाच्या मावशीच्या घरचं लग्न," वहिनी म्हणाली. "न जाऊन कसा चालात? केसांचो टोप, आणि दागिने एक ग्रॅमचे. खरे होते ते पहिल्या डोसाकच गेले. घरी येऊन चार दिवस पडलंय."

हवेसाठी तिला माहुलहून इथे आणलं होतं. कुलपावर धूळ होती ती म्हणून.

मी तरीही कागद मागितले. रुपालीने फाइल काढून दिली. हॉस्पिटलचा नंबर फाइलवरचा घेतला नाही, स्वतः शोधून लावला आणि विचारलं. नाव, वॉर्ड, उद्याची भरती, सगळं जुळलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

अक्काला फोन लावला. "पैसे धाड. आत्ताच. थेट हॉस्पिटलाच्या खात्यात."

"मगाशी ठणठणीत, आणि आता धाड? चाय पाजल्यानी की काय तुका?"

"पाजल्यानी. आल्याची. मी चुकलंय, अक्का."

लग्नानंतर तीस वर्षं मी त्या वाडीत आहे, पण 'मी चुकलंय' हे तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नसावं.

"बायका इचारतले. फोटो धाड तिचो."

वहिनीने टोपी काढायला हात वर केला होता. "घे," ती म्हणाली. "काय ता एकदा होऊन जाऊ दे." रुपालीने मान फिरवली. चौदा मोबाइलांत गेलेला फोटो रात्रीपर्यंत बोरिवलीत पोचला असता. मी वहिनीचा हात खाली केला.

"फोटो नाय," मी अक्काला म्हटलं.

"मग आमी कोणावर इश्वास ठेवचो?"

"माझ्यावर."

"तुझ्यावर? कोणावर ठेवू नको म्हणान तूच शिकवलंस मा आमका!"

"तां आजच्यापुरता इसर. पावती मी घेऊन येतंय. पावती नाय दिसली तर माझो वाटो कापा."

ती पुटपुटत उठली, चप्पल शोधू लागली, ते मला ऐकू येत होतं. चारला पाच मिनिटं असताना रुपालीच्या मोबाइलवर हॉस्पिटलचा मेसेज आला. कुणी रडलं नाही. मामींनी गरम भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, ती मी दोनदा मागून खाल्ली.

निघताना मी रुपालीला एकच सांगितलं. "मुलापासून लपवून लग्न करू नकोस. तीही फसवणूकच आहे."

"ऑपरेशन झालं की मीच सांगणार आहे," ती म्हणाली. "पण मीच. त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको." तिने नंतर काय सांगितलं, काय झालं, ते तिने सांगायचं, मी नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी भरती झाली, मी पावती पिशवीच्या तळाशी घातली आणि बोरिवलीच्या स्टँडवर गावच्या गाडीची वाट बघत बसले. मुलाच्या सोसायटीचं नाव मी रुपालीकडून काढून घेतलं होतं. रिक्षाने दहा मिनिटांवर होती. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, सहज पाहून येता आलं असतं. दुसरा काजूगराचा डबाही शिल्लक होता. गाडीला चाळीस मिनिटं उशीर होता. मी बाकावरच बसून राहिले आणि डबा फोडून खाल्ला.

वाडीत पावती चौदा जणींच्या हातातून फिरली. दोघींनी ती उजेडात धरून पाहिली. मीच तसं शिकवलं होतं.

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, वहिनी अजून हॉस्पिटलात असताना, आमच्या शेडच्या दारात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स. सहज या बाजूला आलो होतो, म्हणाले. नाव सांगितलं नाही. मग इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "त्या मुंबईच्या सुलभाबाई तुमच्याच वाडीतल्या ना? कशा आहेत तब्येतीने?"

बाकीच्या तेरा जणींचे हात थांबले. मी हातातला काजू फोडून पुरा केला.

"एकदम ठणठणीत," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. विश्वास बसला नसावा. माझाही बसला नसता.