फ्रेंच म्हणजे पॉलिश

आमच्या नाटकांतल्या कपाटांचे खण कधी उघडायचे नाहीत. पुढून पाहावं तर राजवाडा, मागून पाहावं तर देवदाराची खोकी, आडव्या ठोकलेल्या पट्ट्या आणि आत कुणीतरी विसरलेला चहाचा कप. अशी कपाटं, सिंहासनं आणि दिवाण वीस वर्षं ज्यांनी आम्हाला करून दिले, ते आमचे धाकू मेस्त्री. एकदा कंपनीत नव्याने आलेली मुलगी भूमिकेच्या भरात खरोखरच खण ओढायला गेली आणि अख्खं कपाट तिच्या अंगावर आलं. प्रेक्षकांना वाटलं, प्रसंगच तसा आहे. टाळ्या पडल्या. विंगेत मेस्त्री मात्र कपाळाला हात लावून बसले होते.

"बाई," ते मला म्हणाले, "माका खरो खण करूक येता. पण कोण सांगतच नाय."

कणकवलीकडच्या एका खेड्यातून ते सोळाव्या वर्षी मुंबईत आले. आधी गिरणीच्या सुतारखात्यात होते, मग नाटकवाल्यांच्या नादी लागले ते तिथेच राहिले. जोगेश्वरीला गुंफांच्या अलीकडे त्यांची एक खोली होती आणि खोलीला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये भिंतीला टेकवून सागवानाची एक फळी उभी असे. रंधून, घासून आरशासारखी केलेली. त्या फळीवर 'धाकू सखाराम मेस्त्री, फर्निचर' असं लिहून ती दारावर लावायची, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण नाव लिहिलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आधी एक तरी फर्निचर करूक होया ना. खोक्यांका बोर्ड कित्याक?"

ही संधी त्यांना मी मिळवून दिली आणि तिची माती व्हायलाही मीच कारण झाले. म्हणून हे मी लिहिते आहे.

अंधेरीला राहणारी उत्तरा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे यजमान शरच्चंद्र फोर्टमधल्या एका अमेरिकन कंपनीच्या कचेरीत चांगल्या हुद्द्यावर होते. चोपन्न साली त्यांचा साहेब मायदेशी परत गेला, तेव्हा त्याच्या घरातली एक वस्तू लॉरीतून उत्तराकडे आली. त्या वस्तूला उत्तरा 'ड्रेसर' म्हणे. मेस्त्रींना मी हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "ड्रेसर? माझो मेवणो मिलच्या दवाखान्यात ड्रेसर आसा. पट्ट्ये बांधता."

हा ड्रेसर पट्ट्या बांधणारा नव्हता. साडेपाच फूट लांब, नऊ खणांचा, पोट किंचित पुढे काढून उभा राहिल्यासारखा आणि पाय हरणाच्या पायांसारखे वळलेले. सगळ्याला सायीचा पांढरा रंग, खणांच्या कडांना सोनेरी रेघ आणि वर कोरीव चौकटीचा आरसा. वरचा खण उघडला की आत लाकडात भाजून काढलेला शिक्का दिसायचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा शंभर वर्षांच्या कारखान्याचं नाव आणि खाली गावाचं नाव. उत्तरा येणाऱ्याजाणाऱ्याला तो खण उघडून दाखवी.

मुंबईच्या पहिल्याच पावसाळ्यात ते नऊच्या नऊ खण फुगून बसले. पैठण्या आत आणि उत्तरा बाहेर. तिने दोन सुतार आणले. एकाने हातोडीचा दांडा घालून खालच्या कडेचे टवके उडवले, तर दुसरा नुसता बघूनच निघून गेला. तेव्हा मी धाकू मेस्त्रींचं नाव काढलं.

"ते तुमचे खोकेवाले?" उत्तरा म्हणाली.

"अगं, हात बघ त्यांचा एकदा. एवढं नीट केलं तर मुलुंडच्या बंगल्याचं लाकूडकाम त्यांना दे."

शरच्चंद्र मुलुंडला बंगला बांधत होते. दारं, खिडक्या, जिना, कपाटं, सगळं व्हायचं होतं. उत्तरा विचार करून म्हणाली, "बघू. आधी हा करून दाखवू देत. खण सरकायला हवेत, टवके उडालेत ते नीट करायला हवेत. आणि सांग त्यांना, हा फ्रेंच आहे. फ्रेंचच राहिला पाहिजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला तो घरात हवा."

घराची रंगरंगोटी निघाली होती, म्हणून दिवाळीनंतर ड्रेसर हातगाडीवर घालून जोगेश्वरीला पाठवला. मी मागोमाग गेले. मेस्त्री खण पालथा करून कोपऱ्यावरून बोट फिरवत होते. कोपऱ्यात लाकूड लाकडात असं गुंतवलेलं होतं, जशी दोन हातांची बोटं एकमेकांत घालावीत. कुठे एक खिळा नव्हता.

"बघा बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या मेस्त्रीक कोणीतरी सांगलेला दिसता."

मी निरोप सांगितला, तोही शब्दाला शब्द. घोटवलेलं भाषण चोख म्हणायची मला सवयच होती. "खण सरकायला हवेत, टवके नीट व्हायला हवेत. आणि हा फ्रेंच आहे, फ्रेंचच राहिला पाहिजे, असं त्या म्हणाल्या."

मेस्त्रींनी मान वर केली. "फ्रेंच म्हटल्यानी?"

"दोनदा म्हटलं."

"मगे झाला," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. "माका वाटलाच. एवढा चांगला लाकूड, आणि कोणीतरी मेल्यान वरसून चुनो फासलो."

मला त्यात काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

दीड महिना मेस्त्री त्या ड्रेसरमागे होते. आमच्या नव्या नाटकाचा महाल अर्धा तसाच पडला आणि आमचे मॅनेजर नंदकुमार माझ्या नावाने बोटं मोडू लागले. शेडकडे जावं तर दार आतून लावलेलं. बाहेर त्यांची बायको प्रेमा कावलेली.

"बाई, तुमीच सांगा त्यांका. सगळी चाळ म्हणता मेस्त्री पिऊक लागलो. काल हवालदार येऊन नाक लावून गेलो."

दारूबंदीचे दिवस होते आणि शेडमधून स्पिरिटचा वास घरंगळत रस्त्यापर्यंत येत होता. मेस्त्री आतून ओरडले, "पिणारो असलंय तर ह्या लाकडाक कित्याक पाजलं असतंय?"

संक्रांतीला आठ दिवस उरले असताना हातगाडी अंधेरीला आली. मेस्त्रींनी धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घातली होती. ड्रेसरवर जुनी चादर होती. उत्तरा आणि मी ओटीवर उभ्या होतो. मेस्त्रींनी चादर ओढली. वीस वर्षं आमच्या संगतीत राहिलेला माणूस, पडदा कसा काढायचा हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी नकळत पायऱ्या उतरून जवळ गेले. पांढरा रंग गेला होता. सोनेरी रेघा गेल्या होत्या. त्या जागी पिकल्या कोकमासारखं तांबूस काळं लाकूड होतं आणि त्यात इतकी खोली होती की हात घातला तर आत जाईल असं वाटावं. मेस्त्रींनी करंगळीने मधला खण ओढला. तो आवाज न करता बाहेर आला आणि आवाज न करता आत गेला.

"हे काय आहे?" उत्तरा म्हणाली.

"तुमचो ड्रेसर, वैनी."

"माझा पांढरा आहे! फ्रेंच आहे म्हणून निरोप दिला होता ना मी?"

"फ्रेंचच आसा. बारा हात मारलंय. अंधेरीत काय, फोर्टात पण कोण असो फ्रेंच करून देवचो नाय."

मला त्या क्षणी सगळं उमगलं. सुताराच्या तोंडी फ्रेंच म्हणजे एकच गोष्ट. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाच्या बोळ्याने हात हात देत लाकडात जिरवायची. फ्रेंच म्हणजे पॉलिश. दुसरं फ्रेंच त्यांच्या जगात नव्हतंच, आणि मी निरोप्यासारखी शब्द तेवढा पोचवला होता.

"अहो, फ्रेंच म्हणजे फ्रान्सच्या राजवाड्यातली तऱ्हा!" उत्तराचा आवाज चढला. "ते वळणदार पाय, तो पांढरा रंग, ती सोनेरी कड!"

"पण हो अमेरिकेसून इलो ना?"

"कारखाना अमेरिकन! तऱ्हा फ्रेंच!"

मेस्त्रींनी ड्रेसरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि वैनी, लाकूड कसला आसा ता कोण बघणारच नाय?"

"मला लाकूड नकोय मेस्त्री, मला माझा ड्रेसर हवाय! संक्रांतीला चाळीस बायका यायच्यात. होता तसा करून द्या. नाटकातले महाल रंगवता की नाही? तसा रंगवा."

मी मध्ये पडले. चूक माझी, म्हणाले. दहादा म्हणाले. उत्तरा माझ्यावर रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. तिने निरोप्याला माफ करून टाकलं आणि राग सगळा मेस्त्रींवर ठेवला.

मेस्त्रींनी चादरीची घडी घातली. मग म्हणाले, "तेलाचो रंग देवचो तर आधी पॉलिश खरवडूक होया. ता मी करूचंय नाय. पॉलिशाक घासूचो कागद लावूचंय नाय. पाण्यात कालवलेलो सरसाचो रंग देतंय, नाटकातलो. पण वैनी, तो पॉलिशार धरूचो नाय. पाऊस पडलो की जातलो."

"संक्रांतीपुरता धरू दे. पुढचं पुढे बघू."

चार दिवस मेस्त्री उत्तराच्याच ओटीवर बसले. सफेदा, चिमूटभर पिवडी, सरस आणि कडांना सोनेरी पूड. सिंहासनाला देतात तो सगळा सरंजाम. मी रोज जायचे आणि रोज वाटायचं, त्यांनी एकदा तरी मला शिवी द्यावी. ते नुसते ब्रश ओढत राहिले. एक एक खण पांढरा होत गेला. शेवटच्या दिवशी उत्तरा टाळी वाजवून म्हणाली, "अय्या, अगदी तस्साच! बघ, या कामात हात आहे हो त्यांचा!"

तिने ते कौतुक म्हणून म्हटलं. मेस्त्रींनी डबा मिटला आणि टोपी घातली.

मुलुंडच्या बंगल्याचं काम ठाण्याच्या एका कंत्राटदाराला गेलं. "नाटकाचं काम छान करतात ते," शरच्चंद्र मला सौम्यपणे म्हणाले, "पण घरात राहायचं असतं ना आपल्याला." मी भांडले. घरातल्या भांडणाचा अभिनय मला जन्मभर उत्तम जमला, पण खऱ्या भांडणात माझी वाक्यं पडतात. त्या दिवशीही पडली.

आषाढात रंग सुटू लागला. आधी मुठींभोवती, मग खणांच्या कडांना आणि मग पायांवरून पापुद्रे पडले. उत्तराने मेस्त्रींना दोनदा बोलावणं पाठवलं, ते गेले नाहीत. शेवटी श्रावणात मंगळागौरीच्या आदल्या दिवशी तिने वैतागून ओला फडका घेतला आणि सगळं पुसून काढलं.

मी मंगळागौरीला गेले तेव्हा ड्रेसरभोवती पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांत वनमाला म्हणून दादरच्या एका बॅरिस्टरांची बायको होती. तिच्या घरच्या फर्निचरचा सगळीकडे बोलबाला. ती लाकडावरून हात फिरवत म्हणाली, "काय सुरेख हो! असं पॉलिश मी आयुष्यात पाहिलं नाही. कुठून करून घेतलंत?"

उत्तराने वरचा खण उघडला. तो शिक्का दाखवला. "अमेरिकेचं आहे. शंभर वर्षांचा कारखाना. त्यांचं कामच तसं."

मी म्हटलं, "हे पॉलिश जोगेश्वरीच्या धाकू मेस्त्रींचं आहे."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग उत्तरा हसली. "आमची ही नाटकातली! तिचे मेस्त्री महाल बांधतात ते एका ठोशात पडतात." सगळ्याच हसल्या. वनमालाबाईही हसल्या आणि परत लाकडावरून हात फिरवू लागल्या. मी फुगडी न खेळता घरी आले.

दुसऱ्या दिवशी जोगेश्वरीला गेले. मेस्त्री नव्या नाटकाचं सिंहासन ठोकत होते. उत्तराने रंग पुसून काढला, हे मी सांगितलं. सगळ्या बायका तुमच्या पॉलिशपुढे थिजून उभ्या होत्या, असंही सांगितलं.

त्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "नाव घेतल्यानी?"

आयुष्यभर रंगमंचावर खोटं बोलले, पण तिथे त्यांच्यापुढे जमेना. "घेतलं," मी म्हटलं. "मी घेतलं."

"तुमी," ते म्हणाले. "आणि त्यांनी?"

मी पायाने भुसा सारू लागले. त्यांनी खिळे परत तोंडात धरले आणि दोन ठोकून काढले. उभं राहून माझे पाय दुखू लागले होते. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी सिंहासनाकडे वळले. बसायची फळी ओळखीची वाटली. सागवानी, आरशासारखी, नाव न लिहिलेली. भिंतीजवळची जागा रिकामी होती.

"मेस्त्री, ही तर..."

"बसा बाई," ते खिळ्यांमधून म्हणाले. "पण टेकू नका. मागसून काय एक नाय."