डब्यात उतरलेलं वावर

मी आठवीत होते तेव्हा आमचं पिंपरीच्या शिवारातलं वावर सरकारनं कारखान्यासाठी घेतलं. उभी ज्वारी काढली की ताबा द्यायचा होता. घरात त्यावर कुणी फारसं बोलत नसे. आत्या तर मुळीच नाही. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आली आणि तेव्हापासून ते वावर तिनंच राखलं.

त्याच दिवसांत शास्त्राच्या मास्तरांनी आम्हाला वर्गात अंधार करून बसवलं. खिडकीला लावलेल्या काळ्या कागदाला टाचणीएवढं भोक होतं आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचा लिंब उतरला होता. उलटा, हिरवागार, हळूहळू डुलणारा. शाळा सुटली तरी मी त्या लिंबातच होते.

"डब्यात उतरंल का असं?" मी मास्तरांना विचारलं.

"उतरेल. पण ते धरून ठेवायला फोटोचा कागद लागेल."

चहाचा रिकामा डबा मी आतून कंदिलाच्या काजळीनं काळा केला. तळाला खिळ्यानं भोक पाडलं, त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी डकवली आणि आत्याच्या गोधडीच्या सुईनं तिला बारीक टोचलं. त्या भोकावर मोडक्या छत्रीचं काळं कापड बांधलं. मास्तर मला चिंचवड स्टेशनाजवळच्या फोटोवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं लाल दिव्याच्या खोलीत झाकणाच्या आतून कागद बसवून दिला आणि म्हणाला, "उन्हात ठेव. हजारापर्यंत आकडे मोज. समोरच्यानं हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला बांधावर बसवलं.

"मी काय करू?"

"काय न्हाई. नुसती बस."

"नुसती?" ती हसली. त्या वावरात ती नुसती बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी कापड सोडलं आणि मोजू लागले. ऊन कोवळं होतं. ज्वारीच्या ताटांतून वारा सरकत होता, लांबून रेल्वेची शिट्टी आली आणि विरून गेली. चारशेच्या पुढं आकडे माझ्या तोंडून आपोआप पडू लागले. वाटलं, सगळं शिवारच दम धरून बसलंय. डब्यात जाण्यासाठी थोडं थोडं हलकं होतंय.

फोटोवाल्यानं कागद धुतला तेव्हा आभाळ काळं आणि ज्वारी धुरासारखी आली. त्या कागदाला पाठीमागून गोडेतेल लावून त्यानं दुसऱ्या कागदावर छाप घेतला, तेव्हा उजेड-सावल्या आपापल्या जागी गेल्या. विहीर आली होती. तिच्याजवळची बाभळ आली होती. बांधावर आत्याचे पाय, मांडीवरचे हात, लुगड्याची चुणी न् चुणी. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पांढुरका धूसर पट्टा.

मी रडवेली झाले. "आत्ये, तू हाललीस!"

"मान हालली आसंल." तिनं फोटो उजेडात धरला. "मी बघत व्हते. हिकडनं तिकडं, समदं." मग विहिरीवर बोट ठेवून म्हणाली, "हीर आलीया नव्हं? मग झालं."

ज्वारी निघाली, वावराभोवती कारखान्याचं कुंपण आलं. वडील चाकणला मामाच्या जमिनीत वाट्यानं शेती करू लागले. दोन-अडीच वर्षांनी औषधाचा कारखाना सुरू झाला आणि आत्या तिथं बाटल्या धुवायला लागली. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

एकदा तिची भाकरी विसरली म्हणून मी फाटकाशी गेले होते. जेवणाच्या सुट्टीत बायका सावलीला बसल्या होत्या. आत्या एका नव्या लागलेल्या मुलीला आतलं एक पत्र्याचं छप्पर दाखवत होती.

"त्या छपराच्या खाली हीर हाय आमची," ती सांगत होती. "पानी लई ग्वाड."

"होती म्हणा," ती मुलगी म्हणाली.

आत्यानं मान हलवली. "न्हाई गं. हाय."