चिंचेनं घासलेली कट्यार

अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे राहायचे तेव्हा शेजारच्या बाईंकडे एक नागमोडी पात्याची कट्यार होती. इंडोनेशियात तिला केरिस म्हणतात. बाई तिकडच्याच, पण लहानपणी दत्तक घेऊन त्यांना अमेरिकेत आणलं होतं. जन्मदात्या आईकडची तेवढी एकच वस्तू त्यांच्यासोबत आली. नवरा गेल्यावर त्यांना आईचं गाव शोधायची घाई झाली. जावा बेट, एवढंच कधीतरी कानावर पडलेलं, तेही खात्रीचं नाही.

दसऱ्याला माझ्या मुलानं ती कट्यार मागून आणली. एरवी आम्ही भाजीची सुरी पुजायचो, त्याला खरं हत्यार हवं होतं. पूजा झाली, कट्यार परत गेली.

थंडी पडल्यावर बाईंनी तिचे फोटो दुसऱ्या शहरातल्या, अशा हत्यारांच्या जाणकार एका प्रोफेसरांना पाठवले. ते फोनवर म्हणाले, "मूठ आणि म्यान बदलता येतात, पातं बघायचं. इतकं लख्ख पातं म्हणजे बाली. जावाचे लोक लिंबू आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावून पातं काळं करतात, त्यातून नक्षी उठते." बाई बालीचं तिकीट काढायच्या बेतात होत्या. आमच्याकडे चहा पिताना त्यांनी हे सुनेला सांगितलं. मला मराठीत सांगता सांगता सुनेचा चेहरा उतरला.

बाई गेल्यावर ती म्हणाली, "आई, पूजेआधी मी ती चिंचेनं घासली होती. देवाच्या तांब्यांबरोबर. मला वाटलं, काळी पडलीय."

"मग जा, सांग त्यांना."

"आई, इथे लोक केस करतात!"

"करू देत. चुकीच्या बेटावर जाऊन त्या काय करणार, समुद्र बघत बसणार?"

आज सांगते, उद्या सांगते, असं करत ती टाळत राहिली. मला घरात बसवेना. बाहेर बर्फ, आणि मला इंग्रजी येत नाही. भाजी चिरायला घ्यायची, तशीच ठेवायची, खिडकीतून बाईंच्या दाराकडे बघायचं. त्या तिकीट काढून आल्या तर? शेवटी सुनेचं मनगट धरलं आणि पलीकडे गेले.

मी मराठीत सगळं सांगितलं. सुनेनं त्याचं इंग्रजी दोन शब्दांत उरकलं.

"एवढंच? चिंच कुठे आली त्यात?"

"आई, प्लीज!"

मी सोबत आणलेल्या पिशवीतून चिंच आणि काळपट तांब्या काढला आणि बाईंच्या सिंकमध्ये घासायला लागले. अर्धा तांब्या उजळला तसा बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग सुनेकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. सुनेनं त्याचं मराठी केलं नाही. मीही विचारलं नाही.

बाई कट्यार घेऊन स्वतः प्रोफेसरांकडे गेल्या. पात्यावरून बोट फिरवून ते म्हणाले, "खरखरीत आहे. बालीचं गुळगुळीत लागतं. हे जावाचं." पण जावात कुठलं, ते नक्षी परत उठवल्याशिवाय सांगता येणार नव्हतं, आणि ते काम तिकडचे जाणकारच करतात.

जावाला निघायच्या दिवशी बाई दारात आल्या. सुनेनं चहा विचारला, त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी सुनेला विचारायला लावलं, "गाव नाही सापडलं तर?"

"तर परत येईन," त्या म्हणाल्या. माझा हात दाबला आणि टॅक्सीकडे चालू लागल्या.

"मला बाय पण नाही म्हणाल्या," सून म्हणाली.

"कशाला म्हणतील?" मी म्हटलं.