मऊ जागा

आमच्याकडे पेशंटचं पेशंटला सांगत नाहीत. नातेवाइकानं ऐकून घ्यायचं आणि चेहरा नीट करून कॉटपाशी जायचं. मोठा भाऊ हृदयाचा झटका येऊन अमरावतीच्या दवाखान्यात स्टेंट टाकून पडला होता. नातेवाईक म्हणजे मी, अकोल्याहून आलेला मास्तर.

पडद्यावर त्याच्या हृदयाची रक्तवाहिनी आतून दिसत होती. डॉक्टर म्हणाले, एका जागी साचलेलं चुन्यासारखं कडक होतं, तिथे स्टेंट उघडायला त्रास झाला, पण उघडला. भीती पुढच्या जागेची. तिथे मऊ चरबी, वर सायीसारखा पातळ पापुद्रा. तो फाटला तर रक्ताची गाठ होऊन वाहिनी बंद. अडथळा थोडाच, म्हणून तिथे स्टेंट नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं तो पापुद्रा टिकवायचा. "ती सोडायची नाही. हे त्यांना नीट समजवा."

भावाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. कॉटवरून तो माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, सारं मोकळं झालं.

गावी, अंजनगावात, त्यानं सगळ्यांना तेच सांगितलं. लग्नात उभा राहिला, पानमळ्यात जाऊ लागला. मग एकदा त्याचा फोन आला. त्या गोळीनं पोटऱ्या दुखतात, आणि सारं मोकळं झालं तर ती खायची काहून? खरं सांगितलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, तुझ्या मनानं पाहा. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता दुसरा झटका आला. बंद झाली ती मऊ जागाच. जगला, पण आता मळ्यात जाताना मध्येच बसावं लागतं. गोळी घेतली असती तर टळलंच असतं, असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्या वाक्याच्या आडोशाला मी बरेच दिवस राहिलो.

गेल्या महिन्यात बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं, पडद्यापासून फोनपर्यंत. तो पानांचे देठ खुडत राहिला.

"दवाखान्यात लपवलं, ते समजते मले. भेलोच होतो मी तवा. पण फोनवर तर मी तुले विचारून राहिलो होतो ना."

मांडीवरचे देठ झटकत तो उठला.

"आता तपासणीले मी एकटाच आत जाईन. तू बाहीर बसजो."

बसलो. दारातून त्याचा मळ्यातला मोठा आवाज आला, "अजून कुठी मऊ हाये काय, डॉक्टरसाहेब? मलेच सांगा."

डॉक्टरांचं उत्तर ऐकू आलं नाही. तो बाहेर आला, चिठ्ठी स्वतःच्या खिशात ठेवली. मी ती मागितली नाही.