हात कशासाठी हलत होता

लग्नानंतर भोरच्या आमच्या घरात पहिलं लोखंडी कपाट आलं, ते पावसाळा संपेपर्यंत खोलीच्या मधोमध उभं होतं. या भिंतीला ओल येते का, त्या भिंतीला लावलं तर खिडकी उघडेल का, पुढेमागे पाळणा आणावा लागला तर तो कुठे बसेल, हे सगळं माझ्या नवऱ्याला आधी बघायचं होतं. कपाटाला वळसा घालून मी स्वयंपाकघरात जायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे. मी कचेरीत काम करणारी बाई. समोरचा कागद हातावेगळा करायचा आणि पुढचा घ्यायचा, हा माझा स्वभाव. ह्यांचं सगळं उलट. भाजी घेतानासुद्धा ती कोण खाणार, उरली तर तिचं काय करायचं, इथपर्यंत विचार झाल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. स्वतःच्या घराचा जिना उतरताना हात कठड्यावर असतो. हे मुद्दाम आधी सांगते आहे, कारण त्या दिवशी जे झालं ते अशा माणसाच्या बाबतीत झालं.

धाकट्या दिरांच्या मुलीची हळद होती. दीर आणि जाऊबाई धरणाच्या पलीकडच्या काठावर, वेल्ह्याच्या अंगाला असलेल्या वाडीत राहतात. शेळ्या आणि थोडी गुरं, त्यावर त्यांचं घर चालतं. आम्ही एसटीने अलीकडच्या गावात उतरलो. तिथून जीपने पाण्याला पूर्ण वळसा घालून वाडीला जायचं होतं, पण जीप आलीच नव्हती. वैशाखातली दुपार. धरणाचं पाणी आटून दूर मध्यावर एक चकाकती पट्टी तेवढी उरली होती. पलीकडे वाडीतला मांडव दिसत होता.

टपरीवरची बाई म्हणाली, "जीप कवा यील, काय सांगावं? समोर तर दिसतीय वाडी. उन्हाळ्यात माणसं मधनंच जात्यात, वरच्या अंगानं, तिथं पानी नसतं. परवा वळीव झाला, पण आता वाळलं आसंल."

ह्यांनी काहीतरी शंका काढावी म्हणून मी वाट बघत होते. तेवढ्यात साड्यांची पिशवी उचलून हे काठ उतरायला लागलेसुद्धा होते. मला बरंच वाटलं.

खाली सगळी राखाडी, भेगाळलेली जमीन होती. शिंपल्यांचे तुकडे पायाखाली करकरत होते. जरा आत गेल्यावर घरांची जोती लागली. धरण झालं तेव्हा बुडालेलं गाव. ह्यांच्या घराण्याचं मूळ गाव तेच, असं सासरे सांगायचे, पण आमच्यापैकी कुणी ते कधी जवळून पाहिलं नव्हतं. दगडी उंबरे होते, दारं नव्हती. एका जोत्यावर जात्याची एकच तळी पडली होती, आणि तिच्या भोकात ओला गाळ होता.

हे उंबऱ्यांवरून हात फिरवत पुढे जात होते. 

वारा पडलेला होता. पक्षी नव्हते. मांडवातल्या स्पीकरवरची सनई समोरून ऐकू येत होती, आणि मग चालता चालता ती मागून यायला लागली. मी वळून बघितलं. मागे आम्ही सोडून आलेला काठ होता आणि त्यावर कुणीच नव्हतं. डोंगरावर आवाज आपटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण सनई मागेच राहिली.

"बघ," हे म्हणाले, "बोलावतायत आपल्याला."

उजवीकडे, पाण्याच्या पट्टीच्या जरा अलीकडे, कुणीतरी उभं होतं. अंगावर पांढरं काहीतरी. हात वर करून हलवत होतं. झळांमुळे माणूस कमरेपासून खाली दिसतच नव्हता.

"कोण आहे?"

"आपल्यातलंच कुणीतरी. न्यायला आलंय."

पायवाट सरळ जात होती, आणि हे ती सोडून उजवीकडे वळले. चालणं असं, की जणू रोजची वाट. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हाकेला ह्यांनी ओ दिली नाही, असं कधी झालं नव्हतं. मी ह्यांच्या मागे पळाले. पळताना माझं लक्ष खाली गेलं. शेजारून एका म्हशीच्या खुरांचे ठसे गेले होते. सुरुवातीला वरवर उमटलेले, मग खोल, मग आणखी खोल. परत आलेले खूर कुठेच नव्हते.

"थांबा!" मी ओरडले. "तो 'या' म्हणतोय की 'जा' म्हणतोय?"

"'या' म्हणतोय. दिसत नाही का तुला?"

मी नीट बघितलं. हात हलत होता. लांबून या म्हणणारा हात आणि मागे फिरा म्हणणारा हात सारखाच दिसतो, हे तोवर मला कधी जाणवलं नव्हतं. भीती होतीच, पण डोकं एकदम स्वच्छ झालं. मी म्हणाले, "हे बघा, समजा तो बोलावतोय आणि आपण नाही गेलो. काय होईल? हळद चुकेल, जाऊबाई रुसतील, आपण हातापाया पडू. आणि समजा तो नको म्हणतोय, आणि आपण गेलो. तर?"

हे थांबले. पण वळले नाहीत.

"सांगा ना. तर काय होईल?"

"नको म्हणत असेल तर..." एवढंच म्हणून हे झोपेतून उठल्यासारखं पायांकडे बघायला लागले. वरची पापडी फुटून उजवा पाय घोट्याच्या वर आत गेला होता. मी पिशवीचा एक बंद धरून ओढला, दुसरा ह्यांच्या हातात होता. पाय सुटला, चप्पल आतच राहिली. त्या खड्ड्यात काळं पाणी हळूहळू वर आलं आणि काठोकाठ येऊन थांबलं.

मी मान वर केली. समोर कुणी नव्हतं. आडोसा म्हणावा असं झाड नाही, दगड नाही. नुसता सपाट गाळ, पाण्यापर्यंत.

आम्ही आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत परत फिरलो. जीप उशिरा आली. वाडीत पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती, नवरीचे पिवळे हात वाळले होते. जाऊबाई माझ्याशी बोलेनात. शेवटी ह्यांच्या एका पायात चप्पल नाही हे त्यांनी पाहिलं आणि दिरांना हाक मारली.

दिरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वैनी, कुठं हुबा व्हता म्हनला?"

मी जागा सांगितली.

"तिथं कोन हुबं ऱ्हाईल? काठी टाकली तरी आत जातीया. वळीव झाल्यावर शेजारच्यांची म्हस गेली तिकडं. दोर लावलं, समद्यांनी वडली. न्हाई निघाली."

"वाडीतून कुणी आम्हाला बघायला आलं होतं का?"

"न्हाई वो. समदी हितंच व्हती, मांडवात."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जेवणं उरकल्यावर दुपारी मी दिरांना म्हणाले, की पलीकडून आलेली पाहुणेमंडळी आता परत निघतील आणि जवळची वाट म्हणून मधूनच उतरतील. दिरांनी लगेच कोयता घेतला. ह्यांनीही घेतला. कोणत्या बाभळीची फांदी तोडायची, ती कुठे टाकायची, यावर ह्यांनी एक शब्द काढला नाही. तोडत गेले, ओढत गेले. पाहुणे हात धुऊन येईपर्यंत काठावरून गाळात उतरायची वाट काट्यांनी बंद झाली होती. दिरांनी पलीकडच्या टपरीवर फोन करून तिकडूनही तसंच करायला सांगितलं. दोन म्हातारे कुरकुरले, पण सगळे रस्त्यानेच गेले.

मी काटे टाकता टाकता मधूनच गाळाकडे बघत होते. हे मात्र सगळा वेळ पाठ करून होते.

निघताना आम्ही वेल्ह्याहून येणाऱ्या एसटीची वाट बघत फाट्यावर उभे होतो. ह्यांच्या पायात दिरांच्या चपला होत्या, मोठ्या होत होत्या. हे म्हणाले, "तू त्याचं तोंड पाहिलंस?"

"नाही. लांब होता."

"मी पाहिलं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, एवढं नक्की. ह्यांना माझ्यापासून काही लपवता येत नाही. प्रश्न माझ्या ओठांवर आलाही होता. पण उत्तर काहीही आलं तरी ते घेऊन मला भोरच्या घरी जायचं होतं, ह्यांच्या शेजारी झोपायचं होतं, पुढचे सगळे उन्हाळे काढायचे होते. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, "घरी दूध नसेल. उतरल्यावर घेऊया का?"

हे थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अर्धा लिटर पुरेल."

वळणावर एसटी दिसली. हात मी केला नाही. ह्यांनीही केला नाही. ती आपणहून थांबली.