चार पायऱ्या

आमच्या दाराला चार पायऱ्या होत्या. भाजीवाली सुमनबाई वरच्या पायरीवर पाटी टेकवायची आणि निघताना कुणाच्याही मदतीशिवाय ती डोक्यावर घ्यायची.

आमची नगरपालिका दर निवडणुकीआधी रस्ता करते. जुना खरवडायचं नाव नाही, त्याच्यावरच नवा थर! एकेक पायरी डांबराखाली गेली. काल चौथीही गेली.

मी इंजिनिअरसाहेबांना विचारलं, "पावसाचं पाणी आता आमच्या घरात शिरणार ना हो?"

ते हसले. "काकू, लोक रस्ता होत नाही म्हणून ओरडतात. तुम्ही झाला म्हणून ओरडताय!"



आज सुमनबाईने पाटी रस्त्यावरच ठेवली. निघताना म्हणाली, "वहिनी, जरा हात लावा." दोघींनी मिळून पाटी तिच्या डोक्यावर चढवली.

ती गेल्यावर मी दाराकडे वळले. सवयीने पाय वर उचलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या घरात खाली उतरले.